गुरुवारचे आठ ते दहा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. सहा आठवड्यांचा साठलेला आहे, तेव्हा जरा जड वाटेल. सावकाश उचल.

आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे मी थकलोय आणि तुझ्या भावजयीचा गुडघा होता तसाच आहे. तुझी तब्येत फोनवरच विचारली असती, पण दर वेळी तुझी सून फोन उचलते आणि “मामा, आई आंघोळीला गेल्यात” म्हणते. सकाळी नऊला, दुपारी तीनला, परवा तर संध्याकाळी सातला. माणूस सहा आठवडे न थांबता आंघोळ करायला लागला की घरच्यांना काळजी वाटणारच. (सुनेला काही बोलू नकोस. तिला धड खोटं बोलताही येत नाही. ती अडखळली की मीच म्हणतो, राहू दे गं, साबण संपला की येतील बाहेर.) दोन बसथांबे पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पोस्टानं पत्र टाकायची वेळ माझ्यावर आली आहे. कुणाला सांगायची सोय नाही.

मुद्द्याचं आधी सांगतो. येत्या गुरुवारी टीव्हीवरच्या आपल्या त्या भाडेकरूच्या मालिकेचा शेवटचा भाग आहे. अकरा वर्षं तो माणूस ‘या महिन्याअखेर खोली सोडतो’ म्हणतोय, अकरा वर्षं मालकीणबाई ‘सोडाच’ म्हणतायत आणि अकरा वर्षं आपण दोघं आमच्या सोफ्यावर बसून ते बघतोय. तो शेवट मी एकट्यानं बघायचा का, एवढंच विचारायचं आहे. पण तू रागावलेली असल्यामुळे एवढंच विचारून भागणार नाही, म्हणून पुढची पानं.

त्या दिवशी माझं चुकलं, हे मी अर्धंच मान्य करतो. ‘आता हा पायरीवरून घसरणार’ असं मी म्हणालो आणि तो घसरला. त्यावर तू उठलीस, “तुझं बघून झालेलं दिसतंय, मी निघते” म्हणालीस आणि खरंच निघालीस. अगं, पण एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस मी. दार मिटायला जरासा उशीर लागला की पंधरा दिवसांत ही लिफ्ट अडकणार हे मला कळतं, आणि कळलं की सांगावं लागतं, त्याचाच मला पगार मिळतो. मालिकेतला विनोदसुद्धा असाच कुरकुरत येतो. आधी ते टिंग-टिंग संगीत, मग कुणीतरी ‘आता काहीही होणार नाही’ म्हणणार, मग धपकन. एवढी सूचना मिळूनही गप्प बसायचं म्हणजे माझ्या धंद्यात हलगर्जीपणा.

तू गेल्यावर मी गुरुवार बंद केला नाही. पहिल्या आठवड्यात तुझ्या भावजयीला शेजारी बसवलं. आपल्या चार विनोदी मालिकांतली पहिली, ती ऑफिसातली, साहेबाला थापा मारणाऱ्या कारकुनाची, सुरू झाली आणि ती झोपली. जाहिराती लागल्या की जागी व्हायची, कारण त्यांचा आवाज मोठा. त्यामुळे तिला त्या दोन तासांतलं कपड्यांच्या पावडरीबद्दल सगळं ठाऊक आहे. (कारकुनाबद्दल माझं मत असं की त्याला आता नोकरीवरून काढावं. साहेबाचा विश्वास बसतो ते ठीक, आमचा किती दिवस बसणार?) दुसऱ्या आठवड्यात जावई आले होते. त्यांनी चारही मालिका मोबाइलवर दुप्पट वेगानं आधीच बघून टाकल्या होत्या. दुप्पट वेगानं हसायचं कसं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण जावई पडले. तिसऱ्या आठवड्यात समोरचे निवृत्त हेडमास्तर आले. तिसरी मालिका, एकमेकांचे दवाखाने शेजारी असलेल्या भांडखोर डॉक्टर नवरा-बायकोची, सुरू असताना त्यांनी दर मिनिटाला ‘हा कोण?’ विचारलं. चौथीत तर ध्वनिमुद्रित हसूच नाही, लोक नुसते एकमेकांकडे बघतात. ती संपल्यावर मास्तरांनी मला हळूच विचारलं, ह्यांच्या घरी कोणी गेलंय का? त्यांना दारापर्यंत सोडून आलो आणि मला जाणवलं की मी पार दमलोय. विनोद बघून माणूस दमतो हे मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट तुला एकटीलाच पटेल. त्या ध्वनिमुद्रित हसण्यात एक बाई आहे, हसता हसता शेवटी खोकणारी. ती पहिल्या मालिकेतही आहे, दुसरीतही आणि तिसरीतही. तिला कशाचंही हसू येतं. पूर्वी तुझ्या हसण्याखाली ती मला कधी ऐकूच आली नव्हती. आता आमच्या दिवाणखान्यात आम्ही दोघंच असतो, ती आणि मी, आणि तिचा खोकला काही बरा होत नाही.

पाचव्या गुरुवारी ऐन आठला कामाचा फोन आला. एका इमारतीत लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यांमध्ये अडकलेली, आत दातांची डॉक्टरीणबाई. मी वर मोटारीच्या खोलीत जाऊन आलो, चौथ्या मजल्यावरून दाराची फट केली आणि कामाला लागलो. अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, नाहीतर तो घाबरतो, हा आमच्या कामाचा पहिला धडा. बोलायचं काय? तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधून आपली भाडेकरूची मालिका ऐकू यायला लागली. त्यानं ट्रंक भरली होती. (हो, खरंच भरली. मलाही धक्का बसला.) मी पान्यानं नट सैल करता करता बाईंना सगळं फटीतून सांगत होतो. बाई आतून काहीतरी ओरडत होत्या. मला वाटलं घाबरल्यात, म्हणून मी आणखी मोठ्यानं सांगितलं. मध्येच समोरच्यांनी दार लावून घेतलं, तेव्हा त्या भागाचा शेवट मी माझ्या अनुभवावरून सांगून टाकला: हा ट्रंकेची किल्ली हरवणार आणि राहणार. चाळीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या. त्या ओरडत होत्या ते ‘सांगू नका, मी घरी जाऊन बघणार आहे’ असं होतं. त्यांनी आमच्या कंपनीकडे लेखी तक्रार केली. लिफ्टबद्दल अक्षर नाही. तक्रार माझ्या तोंडाबद्दल. साहेबांनी मला समोर बसवून ती दोनदा वाचून दाखवली, आणि तुझं ते उठून जाणं मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं. म्हणजे उरलेलं अर्धंही मान्य.

तू यावंस असा आग्रह नाही. तुझ्याकडेही टीव्ही आहे, तुझी सूनही चांगली आहे, सोफाही आमच्यापेक्षा मऊ आहे. नाही आलीस तर मी समजून घेईन. आता समजून घेण्याइतकाच दम उरलाय.

मुलांना आशीर्वाद. लोभ आधी होता त्यातला निम्मा उरला असला तरी चालेल, तेवढ्यात भागवीन.

तुझा,
धाकटा

ता. क. – वरचं ‘आग्रह नाही’ हे वाक्य तुझ्या भावजयीनं घालायला लावलं. ते वाचू नकोस.

आणखी ता. क. – तक्रारीतलं एक वाक्य मी वर गाळलं. बाईंनी लिहिलंय, ‘यांनी शेवट सांगितला, आणि तोही चुकीचा.’ खरं आहे. किल्ली वगैरे काही हरवली नाही. मालकीणबाईंनी स्वतः टेम्पो बोलावून दिला. मागच्या गुरुवारी मी मुद्दाम कागद घेऊन बसलो आणि चारही मालिकांचे अंदाज आधी लिहीत गेलो. एकही बरोबर आला नाही, ताई. टिंग-टिंग ऐकूनही नाही. मग रिकाम्या सोफ्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं. लिफ्ट-बिफ्ट काही नाही. विनोद यायच्या आधी तुझा हात तोंडाकडे जायचा आणि खांदे हलायला लागायचे. मी पडद्याकडे बघून सांगतच नव्हतो, तुझ्याकडे बघून सांगत होतो. अकरा वर्षं सगळं आधी कळत होतं ते तुला, आणि तू एकदाही बोलली नाहीस.

गुरुवारी ये. तो खोली सोडतो की राहतो, मला खरंच माहीत नाही.