भिंतीच्या अपिलाला मुद्दे हवेत

कुळगाव, बदलापूर
नोव्हेंबर २००६

चि. बाळाजी,

कोर्टात काहीही चालू असले तरी थोरल्याचे आशीर्वाद आहेतच. तुझा खोकला कसा आहे? भिंतीपलीकडून ऐकू येतो. (शेजारच्या भावाला टपालाने पत्र कशाला, असे तुझी जनी म्हणेल. आमचे वकील हितेशभाई म्हणाले, समोरच्या पार्टीशी बोलायचे नाही. लिहायचे नाही, असे म्हणाले नाहीत.)

उल्हासनगरच्या कोर्टात तू जिंकलास, बरे झाले. म्हणजे बरे नाही झाले. महापुरानंतर पाणी अडवायला तू बोळात भिंत घातलीस, आमची विहिरीची वाट बुजली, म्हणून मी दावा लावला. आता कल्याणला अपील. मला वाटले, तीच हकिगत पुन्हा जरा मोठ्याने सांगायची. तू माझा भोवरा विहिरीत टाकलास तिथपासून सगळे लिहून नेले. हितेशभाईंनी पहिल्याच पानावर हात जोडले. "काका, भाईने क्या किया वो छोडो. जजसाहेबांचं काय चुकलं, ते मुद्दे पाहिजेत."

म्हणून निकाल वाचून घेतला. बाळ्या, चूक सापडत नाही रे. तू साक्षीत म्हणालास, 'वाट हक्काची नव्हती, दादा म्हणून जाऊ देत होतो.' मग तुझ्या वकिलाने मला विचारले, 'तुमचा भाऊ खोटारडा आहे का?' मला रागच आला. परक्याने आपल्या घराला असे बोलावे? मी ठणकावले, 'माझा भाऊ खोटे बोलणार नाही!' साहेबांनी तेच उतरवून घेतले आणि दावा फेटाळला. आता मुद्दा एकच उरतो, की खालच्या कोर्टाने माझ्यावर विश्वास ठेवला. (हितेशभाई म्हणाले, हे अपिलात टाकले तर कल्याणचे साहेब चहा मागवतील.)

दाव्याआधी एकदा तुझ्या ओट्यावर येऊन बसायला हवे होते. 'दादा म्हणून' हे मला कोर्टातच कळले.

तुझा,
हरिचंद्रदादा

ता. क. अंबरनाथच्या कारखान्यात तू ऑफिसात होतास, आपल्या घरचे सगळे अर्ज तूच लिहिलेस. निकालात कुठे चुकले असेल तर तुलाच कळेल. दोन-तीन मुद्दे काढून पाठव. तुझे नाव कुठे सांगणार नाही.

ता. क. २. मुदत येत्या सोमवारी संपते. मुद्दे नाही सापडले तर राहू दे. मग मी हरलोच, आणि हरलेल्याकडे जनीला घेऊन जेवायला यायला कुठल्या वकिलाची हरकत नसावी. गंगूने वाल भिजत घातलेत. रस्त्याने फिरून पुढच्या दाराने या, मागे भिंत आहे.