चष्म्यातली अंडी आणि आजोबांचा कप

बुधवार, तारीख १४, सकाळ

आई,

तुला नमस्कार. आणि तुला हे पत्र जे कोणी वाचून दाखवतंय त्यांनाही नमस्कार. अक्षराला हसू नका, डाव्या हाताचं आहे.

आई, काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण वाईट नाही, आधीच सांगते, नाहीतर तू छातीवर हात ठेवून बसशील. रात्रभर उजवी मूठ मिटत होते, उघडत होते. वाटायचं, आपण झोपलो आणि सकाळपर्यंत हात सगळं विसरून गेला तर? हे म्हणाले, "अगं, हात आहे तो, शाळेतलं पोर नाही विसरायला." आणि कूस बदलून घोरायला लागले. उजाडल्यावर पहिल्यांदा मूठ मिटून बघितली. मिटली.

तुझे गुडघे कसे आहेत? लकव्याने गेलेला माझा पाय आता फारसा ओढत नाही. जिना एकटी उतरते. तोंडही सरळ झालंय, हसले की दोन्हीकडून हसते.

तू विचारलं होतंस, दवाखान्यात एवढं करतात तरी काय. सांगते, पण मला वेड लागलंय असं समजू नकोस. व्यायामाच्या ताई एक मोठा चष्मा घालतात डोळ्यावर. त्यातून टेबल दिसतं, आपला हात दिसतो, ताई दिसतात, सगळं खरं. फक्त टेबलावर अंडी दिसतात, ती खरी नसतात. शेजारी एक टोपली दिसते, तीही खरी नसते. अंडं उचलायचं, टोपलीत ठेवायचं. हात मात्र खराच न्यावा लागतो, बोटं खरीच मिटावी लागतात. जोरात मिटली की अंडं फुटतं आणि बलक वाहतो. पहिल्या दिवशी मी बाहीने टेबल पुसायला लागले. ताई म्हणाल्या, "राहू दे गं, आमच्याकडे फुकटात पुसून मिळतं."

एकसष्ट अंडी फोडली मी. शेजारच्या खुर्चीत एक शिंपी आजोबा असतात, माझा उजवा तसा त्यांचा डावा हात गेलाय. ते रोज विचारायचे, "आज किती आमलेटं?"

पण खरं काही पुढे केलं की मी उजवा हात मागे घ्यायचे. वाटी, चमचा, काहीही. चष्म्यातलं फुटलं तर फुटलं, पण खरं फुटलं तर? ताई म्हणायच्या, "हातात जोर आलाय तुझ्या. तूच त्याला मागे ओढतेस." मी मान हलवायचे आणि डावा हात पुढे करायचे.

आता ऐक, गंमत. मागच्या आठवड्यात सोमवारी चष्मा घालून बसले होते. अंडी संपली आणि टेबलावर एक कप दिसला. म्हटलं, आज नवीन खेळ दिलाय वाटतं. उचलला. उजव्या हाताने. तळव्याला काहीतरी कोमट लागलं. मी म्हणाले, "ताई, आता चष्म्यातलं गरमसुद्धा लागतं का हो?"

 मग आजोबांचा आवाज आला, "पोरी, माझा चहा कुठे घेऊन चाललीस?"

ताई म्हणतात, "तू नेत होतीस, नेत होतीस, आम्ही श्वास रोखून बघत होतो." आणि मी काय केलं, तो कप नीट त्या टोपलीत ठेवला. टोपली कुठे होती खरी? चहा ताईंच्या बुटात, कपाचे तीन तुकडे. मी रडायलाच लागले. बघते तर ताई ओल्या बुटाने नाचतायत आणि आजोबा उजव्या हाताने मांडीवर थाप मारून ओरडतायत, "उचलला की हिने, भरलेला उचलला."

आई, इथपर्यंत सगळ्या सांगायच्या गोष्टी झाल्या. आता न सांगितलेली.

माझ्या तान्ह्या ठमीला दादाकडे का ठेवलं, तर मी तुला सांगितलं, माझ्याच्याने तिचं होत नाही, वहिनी आहे तिकडे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात, हे कामावर होते, ठमी रडली आणि मी कोणाची वाट न बघता तिला उचललं. उजवा हात मधेच सुटला. ती घसरून खाली गेली. गादीवरच पडली, काही लागलं नाही, रडायचीसुद्धा थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. दादा दारात उभा होता.  मीच म्हणाले, "घेऊन जा हिला. मी फोन करून रडले, हातापाया पडले, तरी आणू नकोस. आई सांगेल तेव्हाच आण." त्याला शपथ घातली. तीनदा फोन केला मी त्याला, आई. तिन्ही वेळा म्हणाला, "आईने नाही सांगितलं अजून." शब्दाचा पक्का आहे मेला. पाच महिने झाले. तुझ्यापुढे मान वर करून सांगायची हिंमत नव्हती, आणि फोनवर तुला ऐकू येत नाही. ओरडून सांगायची गोष्ट नव्हती ही.

कपाचं झाल्यावर आजोबांना मी हे सगळं सांगितलं.  दोन दिवसांनी ते एक बाहुली घेऊन आले. एका हाताने शिवलेली, टाके वेडेवाकडे, आत धान्य भरलेलं. बरोब्बर साडेसात किलो. दादाने ठमीचं वजन सांगितलं होतं तेवढंच. म्हणाले, "ही पडली तर मी परत शिवीन. तू घाबरू नकोस." काल ताईंसमोर चष्मा न घालता तिला पाळण्यातून बारा वेळा उचललं. कुशीत घेतलं, चालले, परत ठेवलं. एकदाही सुटली नाही. तेराव्या वेळी ताई म्हणाल्या, "आता बास, बाहुली कंटाळली."

भीती गेली नाही अजून. हे जवळ असतानाच उचलीन, बसूनच घेईन, ताईंना तसा शब्द दिलाय. पण ठमी आठ महिन्यांची झाली. दादा सांगतो, बसते, टाळ्या वाजवते. मला तिच्या टाळीत हात द्यायचाय, उजवा.

आई, रागव माझ्यावर, पण ठमीला आणायला हो म्हण.

तुझी लेक

खालचं उजव्या हाताने लिहिते. अक्षर मोठं येईल, ओळ चढेल.

वाचणारे जे कोणी असाल, आईच्या कपाटाच्या दाराला आतून दादाचा नंबर चिकटवलाय. तिने होकाराची मान हलवली की लगेच त्याला फोन करा. एवढंच सांगा, आईने सांगितलंय.