गोळ्यांची खिरापत

तीर्थस्वरूप फालाकिका आत्याबाईंच्या पायाशी, तुमच्या भाचेसुनेचा, लुपेचा, चटईवर बसून नमस्कार. (टेबल-खुर्ची रिकामी आहे, पण तुम्हाला पत्र लिहायचं आणि खुर्चीवर चढून बसायचं, एवढी मी अजून सुटलेली नाही.) तिकडे वावाऊ बेटावर तुम्ही, तुमची डुकरं, व्हॅनिलाचे वेल आणि चर्चच्या छपरावरून चाललेलं भांडण, सगळं देवाच्या कृपेने जोरात असेल. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर तुमचा भाचा स्वतःच्या जिवाच्या गोळ्या गावभर वाटत सुटलाय आणि माझ्या तोंडचं पाणी पळालंय. (धड वागला की तो माझा नवरा असतो, असलं काही केलं की तुमचा भाचा. एरवी मी त्यांना 'हे'च म्हणते.)

तुमच्या कानावर काय काय आलं असेल त्याची मला कल्पना आहे. बोटीतून उतरलेल्या कुणा बाईने म्हणे तिकडे सांगितलं, की ऑकलंडच्या डॉक्टरांनी तुमच्या भाच्याचा, इसिलेलीचा, मेंदू नाकातून बाहेर काढला, धुतला आणि परत बसवला. तसलं काही झालेलं नाही. मेंदू जागच्या जागी आहे. वापरात किती आहे, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

सुरुवात झाली ती चपलांपासून. काही वर्षांपूर्वी ह्यांना चपला लहान व्हायला लागल्या. आम्ही दुकानदाराला शिव्या घातल्या. मग लग्नातली अंगठी बोटात रुतून बसली. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी कापून काढावी लागली. मग जबडा पुढे आला, दातांत फटी पडल्या, पंजे असे झाले की कावा प्यायची करवंटी त्यांच्या हातात चमच्यासारखी दिसायची. घोरणं विचारू नका, शेजाऱ्यांची डुकरं आमच्या बाजूच्या कुंपणाला झोपेनात. आणि आवाज! आधी हे चर्चच्या गायनमंडळात मधल्या रांगेत कुठेतरी तोंड हलवत उभे असायचे. आता खर्ज असा लागायला लागला की बाकांवरच्या म्हाताऱ्या 'बसल्या जागी गुदगुल्या होतात' म्हणून तक्रार करायच्या (आणि पुढच्या रविवारी त्याच बाकावर लवकर येऊन बसायच्या). आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे माणूस मोठा झाला म्हणून कुणी त्याला दवाखान्यात नेतं का? उलट ज्याचं त्याचं कौतुक. पाद्रीबाबांनी तर देवाच्या कृपेचं माप सांगताना भर प्रवचनात ह्यांना हात वर करून पंजा दाखवायला लावला. गायनमास्तर पेनिसिमानी काका ह्यांच्याकडे असे बघायचे, जणू बेटाबेटांतल्या स्पर्धेचं बक्षीस दोन पायांवर चालत येतंय. हे पण फुशारले. पन्नाशीला आलेला माणूस आरशासमोर उभा राहून 'अजून वाढतोय मी' म्हणायचा.

शंका आली ती फक्त सिनिवाला. तुम्हाला ठाऊकच आहे, आमची सिनिवा इथल्या छोट्या दवाखान्यात नर्स आहे. पण बापाच्या डोक्याला लेकीने हात लावायचा नाही, हे तुम्हीच तिला लहानपणी कान पिळून शिकवलेलं. ती बिचारी लांबूनच बघणार. एकदा मला म्हणाली, "आई, बाबांचा जबडा जरा बघ गं." मी म्हटलं, "रोज बघते. बंदच होत नाही." झालं, विषय तिथेच संपला.

मग तो दिवस उजाडला. स्पर्धेची तालीम चालली होती. शेवटच्या स्तोत्रात सगळ्यात खालचा सूर ह्यांच्या एकट्याच्या वाट्याला. ह्यांनी तो लावला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून धप्पकन खाली बसले. पेनिसिमानी काका डोळे मिटून हात हलवत होते. त्यांना वाटलं, सूर इतका खाली गेला की गाणाराही मागोमाग गेला, आणि ते खुशीने 'अजून खाली, अजून खाली' म्हणत राहिले. डोळे उघडले तेव्हा हे ओकत होते. डाव्या डोळ्याची पापणी दुकानाच्या शटरसारखी पडलेली. विचारतात काय, तर "काका, तुम्ही दोन-दोन का उभे आहात?" काका म्हणाले, "एकाचं तुम्ही ऐकता कुठे?" (मागाहून काका ह्या उत्तरापायी ढसाढसा रडले. वाईट माणूस नाही हो, नुसता गायनमास्तर आहे.) बायकांनी डोक्याला तेल चोळायला घेतलं, कुणी भूतबाधा म्हणालं, कुणी ऊन लागलं म्हणालं. सिनिवा धावत आली. आता डोळा तपासायचा कसा? शेवटी पापणी मी उचलली आणि बॅटरीचा उजेड तिने हातभर लांबून मारला. रक्तदाब बघितला तर इतका खाली की तिने आधी यंत्रच आपटून पाहिलं. राजधानीतल्या डॉक्टरांना फोन लावला आणि ते सांगतील ते औषध सुईने टोचलं. त्या एका सुईच्या जोरावर तुमचा भाचा ऑकलंडपर्यंत जिवंत पोचला.

तिथे एक ठेंगणी डॉक्टरीणबाई होती. ह्यांच्या खांद्याला पोचायला तिला स्टूल लागलं असतं, पण बोलणं असं की हे शाळेतल्या पोरासारखे हात बांधून बसले. तिने चित्र काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या पार मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी म्हणतात. दिसायला एवढीशी, पण अख्ख्या शरीराला हुकूम सोडते. वाढ, थांब, पाणी धरून ठेव, ऊठ, लढ. बसल्या जागेवरून सगळ्यांना कामाला लावते. (मी म्हटलं, म्हणजे घरातली आत्या. डॉक्टरीणबाईला कळलं नाही, पण ह्यांना चटकन कळलं.) तर त्या ग्रंथीत गाठ झाली होती आणि ती गाठ वर्षानुवर्षं एकच हुकूम ओरडत होती, 'वाढ, वाढ'. आणि तालमीच्या दिवशी गाठीच्या आतच रक्तस्राव झाला, ती फुगली, डोळ्यांच्या नसा दाबल्या गेल्या आणि शेजारची चांगली ग्रंथीही चेंगरली. म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्याच्यासाठी देवाचे आभार मानत होतो, तो आजार होता. पाद्रीबाबांना हे अजून कुणी धड सांगितलेलं नाही.

ह्यांना मरणाची भीती नव्हती, डोक्याला परक्याचा हात लागेल ही होती. नाकातून ऑपरेशन करणार म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. (नाक हे डोक्यात धरायचं की चेहऱ्यात, ह्यावर गावात कावा पिताना बरीच डोकेफोड झाली. शेवटी चेहऱ्यात धरलं.) ऑपरेशन छान झालं. पण नंतर अशी तहान लागली की बापरे! पाण्याचा हुकूम काही दिवस बंद पडला होता ना. इकडून जगच्या जग पाणी जात होतं आणि तिकडून जसंच्या तसं बाहेर येत होतं, आणि नर्सबाई दोन्ही मापून लिहीत होती. त्यात ऑकलंडची सगळी नातेवाईक मंडळी उमूच्या खड्ड्यात तापल्या दगडांवर भाजलेलं डुक्कर घेऊन वॉर्डात हजर, आणि लागली स्तोत्रं म्हणायला. ह्यांना शिंकरायची बंदी, जोर करायची बंदी, गायची बंदी. खर्जाची जागा आली की उशीत तोंड खुपसून डोळे पुसायचे.

तहान गेली, नजर आली, पंजेसुद्धा जरा उतरले. पण एक हुकूम परत आला नाही तो नाहीच. आजारपणात, भीतीत, कष्टात माणसाला उभं ठेवणारा जो रस असतो, तो ह्यांच्या अंगात आता तयार होत नाही. त्याच्याच ह्या गोळ्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, जन्मभर. ताप आला तर दुप्पट. ओकाऱ्या लागल्या तर लगेच सुई. डॉक्टरीणबाईने ह्यांना बजावलं, "ह्या चुकल्या तर तुम्ही मराल." ह्यांनी मान डोलावली. तेव्हा बरं वाटलं होतं मला.

आता ऐका तुमच्या भाच्याचे पराक्रम. घरी आल्यावर कावाच्या बैठकीत ह्यांना कुणी विचारलं, कसल्या गोळ्या रे? तर हे म्हणाले, "बळाच्या." पेनिसिमानी काकांचे गुडघे दुखत होते. त्यांनी हात पुढे केला. आणि आपल्याकडे पुढे आलेल्या हातावर काही न ठेवता त्याला परत पाठवायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. काका दुसऱ्या दिवशी टेकडी चढून चर्चला गेले! मग काय विचारता. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाचा दमा, कुणाची नुसतीच हौस. सकाळी दारात रांग आणि हे ओसरीवर बसून हसतमुखाने खिरापत वाटताहेत. काकांचं तोंड आता भाकरीसारखं गोल झालंय, झोप उडालीय आणि ते स्तोत्रं इतक्या घाईत म्हणवून घेतात की परवा प्रार्थना संपली तेव्हा पाद्रीबाबा अजून जोडे काढत होते. मी बडबड केली, सिनिवाने हातापाया पडून सांगितलं. हे म्हणतात, "लुपे, माणूस मागतो आणि मी बाटली लपवू? मग कशाला वाचलो मी?"

मागच्या महिन्यात पाद्रीबाबांकडे मेजवानी होती. डुकराचं मांस जरा कच्चं राहिलं असावं. सगळ्यांची पोटं बिघडली, सगळे ओकले आणि सगळे बरे झाले. हे ओकले आणि उठलेच नाहीत. अंग गार, ओठ पांढरे, हाक मारली तर डोळे नुसते फिरवायचे. बाटलीत गोळी नाही. सिनिवा सुई घेऊन धावली, तर मेजवानीसाठी रीतीप्रमाणे कमरेपासून गुडघ्यापर्यंत तुमच्या आईच्या हातची ती जाडजूड चटई गुंडाळलेली, वर नारळाच्या काथ्याची दोरी, आणि गाठ मारलेली ह्यांनी स्वतः, त्या जुन्या पंजांनी मारायचे तशी. पाद्रीबाबा एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, दोघं विरुद्ध दिशांना ओढताहेत आणि एकमेकांवर खेकसताहेत. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आत्याबाई, तेवढा वेळ मी देवाशी जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. शेवटी सिनिवाने कात्रीने दोरी कापली आणि मांडीत सुई खुपसली. हळूहळू तोंडावर रंग आला.

आणि शुद्धीवर आल्यावर काय केलं असेल? राजधानीहून विमानाने तातडीने नव्या गोळ्या आल्या, त्यातल्या मूठमूठभर, ज्यांनी उचलून घरी आणलं त्या चौघांना आभार म्हणून वाटल्या. मी कपाळाला हात लावला. वर हे मलाच समजावतात, "अगं, किती जड होतो मी!"

हसू येतं ना? मलाही येतं, चारचौघांत सांगताना. पण जेवण झाल्यावर हे डुलकी घेतात तेव्हा मी पंख्याने वारा घालायच्या निमित्ताने छातीकडे बघत बसते, हलते आहे ना म्हणून. इतकी वर्षं ह्या माणसाच्या घोरण्याला मी शिव्या दिल्या. आता घोरणं थांबलं की माझ्या काळजाचं पाणी होतं. मला हा माणूस हवा आहे हो. वेडा आहे, पण हवा आहे.

असो. मन मोकळं करायला लिहिलं, बाकी काही मागणं नाही. थोरामोठ्यांना नमस्कार, पोराबाळांना पापे, छपराच्या भांडणात तुमचाच विजय होवो.

तुमची आज्ञाधारक,
लुपे

ता. क. गेल्या बोटीने तुम्हाला रताळी आणि झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली एक बाटली पोचली असेल. ती माझ्या नकळत ह्यांनी पाठवली. पहिला वाटा आत्याचा, म्हणून सगळ्यात मोठी, न फोडलेली. त्या ह्याच गोळ्या. रताळी जरूर खा. गोळ्या खाल्ल्या नसतील तर कृपा करून खाऊ नका, आणि खात असाल तर एकदम सोडूही नका, आधी सिनिवाला फोन करा.

ता. क. दुसरा. मागणं नाही असं वर लिहिलंय, ते खोडायला गेले तर पान फाटेल, म्हणून राहू दे. ह्यांना 'वाटू नका' असं सांगणारं ह्या बेटावर कुणी नाही, पण त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू 'माझी' म्हणायचा हक्क आपल्या रीतीने आत्या म्हणून तुम्हाला आहे. डुक्कर म्हणा, होडी म्हणा, ते हूं की चूं करणार नाहीत. तर आत्याबाई, ह्या गोळ्या मागून घ्या. आहेत त्या, येतील त्या, सगळ्या, जन्मभराच्या. आत्याची चीज आहे म्हटल्यावर गावात कुणाची हात पुढे करायची छाती नाही, आणि ह्यांनाही ती दुसऱ्याला देता येणार नाही. मग ह्यांना नुसता निरोप धाडा, की माझ्या गोळ्या मी तुझ्या पोटात ठेवायला देतेय, रोज तीनदा, आणि एक जरी हरवली तरी याद राख.

ता. क. तिसरा. हे आत्ताच समोर येऊन बसले. एवढं काय लिहितेस म्हणाले. मी म्हटलं, तुमचा नमस्कार लिहितेय. तर म्हणाले, "आत्याला लिही, म्हणावं, तुला काय हवं असेल ते माग, इसिलेली नाही म्हणणार नाही." जसं बोलले तसं लिहिलंय. मागा हो आत्याबाई, लवकर मागा.