कथलाच्या गोळ्या

बाबा, धाटावच्या कंपनीत मी प्रयोगशाळेत लागले, तेव्हा आमच्या पोरीला पाण्यातलं विषसुद्धा कळतं, असं तू गावभर सांगत फिरला होतास. ते कळणं एक दिवस तुझ्याच चुलीशी येऊन भांडेल, हे तुझ्या मनातही आलं नसेल.

नव्वदनंतरचीच ती वर्षं. माझी मुलगी नुकती रांगायला लागली होती. तू स्वयंपाकघरात चुलीवर जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवतोयस. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून आणलेल्या शाडूचे साचे भिंतीशी मांडलेत आणि फेकजाळं बुडावं म्हणून त्याच्या काठाला ओवायच्या गोळ्या जमिनीवर थंड होतायत. त्यातली एक माझ्या पोरीच्या गालात. मी बोट घालून ती काढली आणि मग तोंडाला येईल ते बोलले. जाळं पाहिजे की नात, असंही विचारलं. आई मध्ये पडली, "बापसाशी असं बोलतात का गो?" तू चूल विझवलीस. "विष हाय म्हन्तेस, तर नको," एवढंच म्हणालास.

पुढच्या खेपेला मी रोह्याच्या कल्हईवाल्याकडून शिशाऐवजी कथील आणलं. तू ते हातात तोललंस. "भांड्याला बेस हाय. जाल्याला हलकं पडल गो."

"मग गोळ्या मोठ्या कर," मी म्हटलं. जसं काही खाडीत जाळं मीच फेकत होते!

मोठ्या केल्यास, तर त्या एकमेकींत अडकून जाळं गोल उघडेना. लहान केल्यास, तर ओहोटीला काठ चिखलावर बसेना आणि मासा खालून पसार. हे सगळं आईकडून कळलं, तू गेल्यावर. मी विचारलं की तू "बेस चाललंय" म्हणायचास, आणि मी येईन त्या रविवारी घरात जिताडा मासा असायचाच. एकदा तो साफ करताना त्याच्या कल्ल्यात बर्फाचा खडा सापडला. आपल्या खाडीत बर्फ कुठला? तू बाजारातून विकत आणत होतास. मी खडा मोरीत टाकला, कालवण केलं आणि जेवताना म्हटलं, "आपल्या खाडीची चवच न्यारी." तू ताटातून मान वर केली नाहीस.

तुला खरं विचारलं असतं, तर तू पुन्हा शिसं वितळवलं असतंस, ही भीती होती. शिशाबद्दल मी चुकले नव्हते, बाबा. आजही ते घरात येऊ देणार नाही. पण जन्मभर खाडीत उभा राहिलेला माणूस ओट्यावर बसून राहिला, तो माझ्यामुळे, हे काही केल्या मनातून जात नाही.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. तू जाळं कायमचं खुंटीला टांगलंस, तेव्हा सगळे हळहळले. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं.