अकरावा नमुना

प्रिय दादा,

तू गाव सोडलंस त्याला तीन महिने झाले, आणि हे माझं पहिलं पत्र. फोन केला की वहिनी "बरे आहेत" म्हणते आणि विषय बदलते. गोदामात पोती उचलून तुझी पाठ धरल्याचं परवा तिच्या तोंडून निसटलं.

प्रयोगशाळेत आता नमुन्यांच्या गाडीवर तुझ्या जागी नवा ड्रायव्हर आहे. पेटी टेबलावर आदळतो आणि चहाला पळतो. तू निघण्याआधी बर्फाच्या पिशव्या दोनदा चाचपायचास. तुझ्या पेटीतल्या विषाणूंनाही सर्दी होईल, असं म्हणून आम्ही हसायचो.

त्या दिवशीचे अकरा नमुने आठवतात ना? गरम होऊन सगळे वाया गेले. दहा जणांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा नाकातून स्वॅब दिला. अकरावे एक गुरुजी होते, ते पहाटेच गेले. ताप कशाचा होता ते कळलंच नाही. त्यांची बायको दर सोमवारी येऊन बाहेरच्या बाकावर बसते. शेजारी अजून तिच्याशी उंबऱ्यापलीकडूनच बोलतात. या सोमवारी मला म्हणाली, "त्या ड्रायव्हरला एकदा विचारायचंय, बाबा रे, वाटेत एवढं काय अडलं होतं?"

माझ्याच्याने राहवेना. तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आजी, तो वेळेवर आला होता." मग सगळंच सांगून टाकलं. तू पेटी माझ्या हातात दिलीस, नमुने मोजायला मी झाकण काढलं आणि तेवढ्यात शाळेतून फोन आला, मुलगी जिन्यावरून पडली. पेटी तशीच खिडकीशी उन्हात टाकून मी धावले. दुपारी परतले तर बर्फाचं पाणी झालेलं. नोकरी जाईल या धास्तीने मी नोंदवहीत लिहिलं, पेटी दीड वाजता आली. साहेबांनी तुला बोलावलं, तेव्हा तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "गाडी बंद पडली होती." मी मान वर केली नाही, आणि तुझी नोकरी गेली.

आजीने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, पिशवी घेतली आणि "मुलगी बरी आहे ना आता?" एवढंच विचारून गेली.

काल साहेबांकडे कबुली दिली. ते समजुतीने हसले. "भावासाठी जीव तुटतो, कळतं मला. पण खोटं बोलू नका." मी खोटं लिहिलं ते लगेच पटलं, आणि खरं सांगितलं तर कुणी मानेना! दादा, त्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटं अशी वेळ घालून मी सही केलेली पोच हरवली, असं तू त्यांना सांगितलंस. आपल्या घरात हरवायचं खातं माझं. तू बसचं जुनं तिकीटही टाकत नाहीस. पोच तुझ्याकडेच आहे. लहानपणापासून मला पाठीशी घालत आलास, आता पुरे कर. ती पोच टपालाने पाठव, पण साहेबांच्या नावाने. माझ्या हातात पडली तर मी ती पुढे देईनच, याची मला खात्री नाही.

तुझीच,
धाकटी