दुधात कुस्करलेली भाकर

तीर्थरूप आईला जुन्नरहून वंदूचा नमस्कार.

माझ्या कपाळाला टाके पडलेत, हे दादानं सांगितलंच असेल. दोनच आहेत, रडत बसू नकोस.

बिबट्यानं खांदा फाडलेल्या धर्माजीला घरच्यांनी दवाखान्यात आणलं. भूल देणारी डॉक्टर इथं मी एकटीच. "यांनी काही खाल्लंय का?" असं विचारलं, तर त्याची बायको साळुबाई शपथेवर नाही म्हणाली. भूल चढताच त्याला उलटी झाली, ती श्वासनळीत गेली आणि तोंड निळं पडलं. मी ती नळीनं ओढून काढली आणि रबरी पिशवी दाबून त्याला श्वास देऊ लागले, तेवढ्यात दाराच्या काचेतून त्याचं निळं तोंड पाहून त्याचा भाऊ दाराला लाथ घालून आत घुसला. "माझ्या भावाला मारलंस!" म्हणत त्यानं ऑक्सिजनच्या टाकीचा पाना माझ्या कपाळात घातला. रक्तानं डोळा भरला, पण श्वासाची पिशवी दाबणारा हात मी थांबू दिला नाही. धर्माजी वाचला.

नंतर साळुबाई म्हणाली, "लई रक्त गेलं व्हतं, म्याडम. उपाशी कसं धाडू? दुधात भाकर कुस्करून दिली."

मी तिच्या अंगावर ओरडले. मग तू आठवलीस.

सोमवारी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे ना? सकाळी त्यांना काही देऊ नकोस. आणि दिलंसच, तर तिथल्या डॉक्टरांशी खोटं बोलू नकोस. तिथं पिशवी धरायला मी नसणार.

तुझीच,
वंदू