व्हॉल्व्हची चावी

॥ श्री मोरया ॥
कासारवाडी, ता. ४ सप्टेंबर २०२५

ती. सौ. गोजावन्सं यांना जयमालाचा शि. सा. न.

पत्र लिहितेय, कारण फोनची सोय उरली नाही. तुमच्या भावाला वाटतं मी विरोधकांना फितूर आहे. कुणाचाही फोन आला की स्पीकर लाव म्हणतात.

नोव्हेंबरात सोसायटीची निवडणूक आहे. हे पुन्हा अध्यक्षपदाला उभे आहेत. आमच्याकडे पंधरा वर्षांत एकही पॅनेल लागोपाठ दोनदा आलेलं नाही. आधी हे, मग सोपानराव, मग परत हे. खुर्चीवर असेल त्याचं पॅनेल ‘प्रगती’ आणि बाहेर असेल त्याचं ‘परिवर्तन’. फ्लेक्स दोनच, निकालानंतर अदलाबदल करायची. ही काटकसर मीच सुचवली होती.

ह्यांचं म्हणणं, खुर्चीलाच दोष आहे. गुरुजींना विचारून ती पूर्वेकडे फिरवली, आता कार्यालयाचं दार अर्धंच उघडतं. तेही चाललं असतं. पण रविवारच्या सभेत बोलून बसले, की हरलो तर फ्लॅट विकून निघून जाईन. टाळ्या पडल्या. त्या कशासाठी पडल्या ते मला कळलं, ह्यांना नाही.

वन्सं, ह्या घरातून मी चिंचवडची एक संकष्टी चुकवलेली नाही. म्हातारपणी कुठे जायचं? मी रद्दी विकणं बंद केलंय. भांडी गुंडाळायला कागद लागेल.

आपली,
जयमाला

महाळुंगे, ता. १२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. जयमालास आशीर्वाद.

लिहितेय सूनबाई. मी बोलते तसंच लिही म्हणलं, शुद्ध करू नको.

खुर्चीत काय बी दोष न्हाई. दोष चावीत हाय. तुमच्याकडं पाणी दिवसाआड, अन् व्हॉल्व्हची चावी अध्यक्षाच्या खिशात. यायचं तेवढंच पाणी येतंय, पर ज्याला कमी पडतंय तो चावीवाल्याला शिव्या देतोय. पाच वरसं शिव्या साठल्यावर मतं कुठनं उरायची? आमचे मालक सरपंच व्हते तवा नळाची चावी आमच्याच खुंटीला व्हती. दुसऱ्या खेपंला असे पडले, की घरची मतं बी पुरती न्हाई मिळाली. मी तर दिलं व्हतं बाई.

बबनला म्हणावं, निवडणुकीपतुर चावी सोपानरावाला देऊन टाक. शाल-नारळ देऊन, चारचौघांत. शिव्या बी तिकडंच जात्याल.

माया हाय ती हायच, तिला कुलूप न्हाई.

गोजाबाई

कासारवाडी, ता. ७ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. वन्संना शि. सा. न.

तुमचा उपाय केला. सोपानरावांना पाणी समितीचं प्रमुख केलं, शाल पांघरली, चावी दिली. माणूस फुलून गेला. पहिल्याच पाण्याला त्यांची बेल अकरा वेळा वाजली, असं त्यांच्या दुर्गाबाई रडकुंडीला येऊन सांगत होत्या. चौथ्या मजल्यावरचे चिमाजी तर रिकामी बादली घेऊन त्यांच्या सोफ्यावरच बसले. हे खुशीत बागेत फिरायचे आणि दिसेल त्याला म्हणायचे, पाण्याचं सोपानरावांना विचारा.

पण पाचव्या दिवशी हे बेचैन झाले. आपली बेल वाजेना. जिन्यात कुणी साहेब म्हणेना. बेल बिघडली असेल म्हणून तिला नवे सेल घातले, स्वतः बाहेर जाऊन दोनदा वाजवून पाहिली. दहाव्या दिवशी तरातरा खाली गेले आणि सर्वांदेखत चावी परत मागून आणली. सोपानरावांनी ती इतक्या चटकन दिली, की मला निकाल तिथेच कळला. शाल मात्र त्यांनी ठेवून घेतली.

रद्दीचा ढीग आता कमरेइतका झालाय.

जयमाला

कासारवाडी, ता. २४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वन्संना शि. सा. न. वि. वि.

पडलो. ह्यांना चाळीस, सोपानरावांना चोपन्न. दोन दिवस हे जेवताना फक्त मीठ मागायचे. मग फ्लॅट विकायला एजंट बोलावला. तो बुटांसकट स्वयंपाकघरात आला. त्याला मी मुद्दाम पाणचट चहा दिला.

तिसऱ्या दिवशी दुर्गाबाई आल्या. चावी घेतली आणि घडी घातलेला ‘परिवर्तन’चा फ्लेक्स माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या सकाळी पाण्याचा दिवस. खाली चिमाजी बादली आपटत सोपानरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. हे गॅलरीत तासभर उभे राहून ऐकत होते, कीर्तन ऐकावं तसे. मग आत आले. फ्लेक्स ओल्या फडक्याने पुसला, मध्ये डांबराच्या गोळ्या घातल्या आणि स्टुलावर चढून माळ्यावर ठेवला. मी भीत भीत विचारलं, एजंट संध्याकाळी येणार ना? तर माझ्यावरच उखडले. पुढच्या वेळी आपण येणार हे लिहून ठेवलेलं असताना फ्लॅट विकायला मी काय खुळा आहे का, म्हणाले.

मी सगळी रद्दी विकली आणि त्या पैशांचा नारळ मोरयासमोर फोडला. नवरा हरला म्हणून देवाचे आभार कसे मानायचे ते सुचेना, नुसते हात जोडून उभी राहिले.

आता पाच वर्षं घोर नाही. २०३० साली हे निवडून येतील. त्याच दिवसापासून रद्दी पुन्हा साठवायला घेईन.

आमच्यावरची माया दर पाच वर्षांनी बदलणारी नसावी, ही विनंती.

आपली,
जयमाला